धुळीतले म्हातारे तारे नाशिकहून मोजायचे तर: ‘इर्सा’ आणि ‘विझिएर’ कितपत कामाचे?

म्हाताऱ्या ताऱ्यांनी अंगाभोवती गुंडाळून घेतलेली धूळ अवरक्त (इन्फ्रारेड) रंगांतून ओळखायची, तर त्यासाठी लागणारी जवळपास सगळी मोजमापं आज फुकट मिळतात. मुख्य दुकानं दोन. एक ‘इर्सा’, म्हणजे अमेरिकेत पासाडेनाला कॅलटेकच्या आयपॅक केंद्रात असलेला अवरक्त नोंदींचा संग्रह. दुसरं फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गहून चालणारं ‘विझिएर’. तक्ते चाळायला दोन्हीकडे पैसे पडत नाहीत आणि खातंही उघडावं लागत नाही. हजारभर ताऱ्यांचा तक्ता मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही आरामात उतरतो.

सेवा म्हणून पाचपैकी साडेचार. पण याच कामासाठी नवख्या विद्यार्थ्याच्या हाती दिली, तर तीनच. कारण असं की सगळ्यात नवा आणि सगळ्यात मोठा तक्ता या कामासाठी बहुतेक वेळा सगळ्यात वाईट निघतो, आणि शोधाच्या चौकटीपाशी तसं कुठे लिहिलेलं नसतं. ते कळायला स्पष्टीकरणाची जाडजूड पुस्तिका उघडावी लागते. ती कोण उघडतो?

नाशिककरांना या उंटावरून शेळ्या हाकण्याची गरज का पडते, हे आधी. धुळीनं भरलेले तारे आकाशगंगेच्या पट्ट्यात, विशेषतः धनु-वृश्चिकाच्या बाजूला दाट आहेत. नाशिकचा अक्षांश २० उत्तर, त्यामुळे आकाशगंगेचा मध्य इथून क्षितिजाच्या ४० अंश वर येतो, जागा उत्तम. पण तो भाग रात्री सगळ्यात उंच येतो तेच महिने, जून ते सप्टेंबर, इथे पावसाचे. शिवाय ढग नसले तरी १० मायक्रॉन तरंगलांबीच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास जमिनीवरून बघणं हौशी माणसाच्या आवाक्यातलं नाही. ३०० केल्विनच्या, म्हणजे खोलीइतक्या गरम, वस्तूचा उजेड नेमका ९.७ मायक्रॉनला सर्वाधिक असतो, म्हणजे हवा, दुर्बिणीची नळी, आरसा आणि बघणारा माणूस, सगळेच त्या तरंगलांबीत चमकतात. अंजनेरीच्या पायथ्याशी कितीही काळोख असला तरी हा उजेड जात नाही. कॅमेऱ्यातला फिल्टर काढून ‘इन्फ्रारेड’ केलेला डीएसएलआरही उपयोगाचा नाही. सिलिकॉनची दृष्टी १.१ मायक्रॉनला संपते, आणि धुळीची खरी गोष्ट ३ मायक्रॉनच्या पुढे सुरू होते.

नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण पुण्याच्या वाटेवरच आहे, तिचा काही उपयोग होईल का, असंही विचारलं जातं. अशा ताऱ्यांचा ओळखीचा रेडिओ संकेत म्हणजे हायड्रॉक्सिलची १६१२ मेगाहर्ट्झची रेषा. जीएमआरटीचा सगळ्यात वरचा पट्टा १४५० मेगाहर्ट्झच्या आसपास संपतो. थोडक्यात हुकलं.

आता रंग का बोलतात ते. एजीबी अवस्थेतल्या, म्हणजे आयुष्याच्या अखेरीस फुगलेल्या तांबड्या ताऱ्याचा पृष्ठभाग साधारण २५०० ते ३००० केल्विनचा. तो फुगतो-आकसतो, त्या धक्क्यांनी वायू वर फेकला जातो, आणि जिथे तापमान हजार-दीड हजार केल्विनखाली येतं तिथे धूळ धरते. ही आतली धूळ ३ मायक्रॉनच्या आसपास उजळते. बाहेर जाताना थंड होत गेलेली १०० ते २०० केल्विनची धूळ १५ ते ३० मायक्रॉनला. वर्षाला सूर्याच्या वस्तुमानाच्या दहा कोटीव्या हिश्शापासून ते दहा हजाराव्या हिश्शापर्यंत माल असा बाहेर जातो. गळती जितकी जास्त तितकं कवच दाट, आणि तितका उजेड लांब तरंगलांबीकडे सरकतो. म्हणून दोन पट्ट्यांतल्या उजेडाचं गुणोत्तर, म्हणजेच रंग, कवचाची जाडी सांगतो. दोन रंग घेऊन आलेख काढला की धुळीची जातही थोडीफार कळते. ऑक्सिजन जास्त असलेल्या ताऱ्यात सिलिकेटची धूळ होते, तिची खूण ९.७ आणि १८ मायक्रॉनला. कार्बन जास्त असेल तर काजळीसारखी धूळ, तिला ठळक खूण नाही, आणि सोबत ११.३ मायक्रॉनला सिलिकॉन कार्बाइड. हे असं वाटलं जातं कारण कार्बन आणि ऑक्सिजन आधी एकमेकांना धरून कार्बन मोनॉक्साइड करतात. जो उरतो त्याचीच धूळ.

या कामाचा पाया अजूनही १९८३ सालचा आहे. त्या वर्षी आयरास हा उपग्रह ५७ सेंटिमीटरची, द्रव हीलियमनं गार केलेली दुर्बीण घेऊन दहा महिने फिरला आणि १२, २५, ६० व १०० मायक्रॉनच्या चार पट्ट्यांत ९६ टक्के आकाश मोजून गेला. त्याच्या बिंदुस्रोतांच्या तक्त्यात सुमारे २ लाख ४६ हजार नोंदी आहेत. विझिएरवर हा तक्ता रोमन दोन तिरकी रेघ १२५ या क्रमांकाखाली सापडतो. व्हॅन डर व्हेन आणि हाबिंग यांनी १९८८ मध्ये याच आकड्यांवरून जो दुरंगी आलेख काढला आणि त्याचे रोमन अंकांनी विभाग पाडले, ते विभाग आजही या धंद्याची बोलीभाषा आहेत. ‘तीन-ब मधला तारा’ म्हटलं की ऑक्सिजनवाला, चल (तेज बदलणारा) आणि जाड कवचाचा, हे समजून घेतात.

सूत्र सोपं आहे. आडव्या अक्षावर २.५ गुणिले, २५ मायक्रॉनचा फ्लक्स भागिले १२ मायक्रॉनचा फ्लक्स, त्याचा दहाच्या पायाचा लॉग. उभ्या अक्षावर तसंच, ६० भागिले २५. फ्लक्स म्हणजे आपल्यापर्यंत पोचणारा उजेड, तो जान्स्की या एककात. कवच नसलेला उघडा तारा आडव्या अक्षावर −१.६ आणि उभ्यावर −१.९ च्या आसपास, म्हणजे डाव्या खालच्या कोपऱ्यात पडला पाहिजे. एवढ्या लांब तरंगलांबीत उजेड तरंगलांबीच्या वर्गाच्या व्यस्तात उतरतो, त्यातून हे आकडे थेट निघतात. आलेख काढल्यावर हा कोपरा आधी बघावा. तिथे गर्दी दिसली नाही, तर गणित चुकलेलं आहे.

उदाहरण घ्यायचं तर सिंह राशीतला सीडब्ल्यू लिओनिस, आयरासच्या यादीत ०९४५२+१३३०. हा कार्बनचा तारा आपल्यापासून चारशेएक प्रकाशवर्षांवर आहे. साध्या दुर्बिणीत जवळजवळ काहीच दिसत नाही, पण १२ मायक्रॉनला तो सुमारे ४७,५०० जान्स्की, २५ ला २३,१०० आणि ६० ला ५,६५० जान्स्की देतो. पहिला रंग येतो −०.७८, दुसरा −१.५३. आडव्या अक्षावर उघड्या ताऱ्यापेक्षा पाऊण प्रतीहून जास्त लालीकडे (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी), आणि उभ्या अक्षावर ऑक्सिजनवाल्यांच्या पट्ट्याच्या बराच वर: कार्बनवाल्यांची जागा. याच राशीत, मघा नक्षत्राच्या पश्चिमेला, आर लिओनिस हा मीरा जातीचा, म्हणजे महिनोन्‌महिन्यांच्या फेऱ्यात मंद-तेज होणारा तारा आहे. ऐन तेजात असताना तो साध्या डोळ्यांनाही दिसू शकतो, कारण त्याचं कवच विरळ आहे. दोघांचे आकडे शेजारी ठेवले की या आलेखाचा उपयोग एका मिनिटात कळतो.

आता चुका. पहिली चूक अक्षाची. काही लेखांत रंग फक्त फ्लक्सच्या गुणोत्तरातून काढतात, काहींत शून्य प्रतीचे फ्लक्स (१२ मायक्रॉनला २८.३ आणि २५ ला ६.७३ जान्स्की) धरून. दोन्हींत १.५६ चा फरक पडतो. एका लेखाचे विभाग आणि दुसऱ्या पद्धतीचे रंग एकत्र केले की उघडे तारेही जाड कवचाचे दिसू लागतात. रंगदुरुस्तीचंही तेच. आयरासचे छापील फ्लक्स एका ठरावीक आकाराचा वर्णपट गृहीत धरून दिलेले आहेत, आणि गरम ताऱ्यासाठी १२ मायक्रॉनचा फ्लक्स १.४५ नं भागावा लागतो. ज्या लेखाचे विभाग वापरायचे, त्याच लेखाची पद्धत धरावी, स्वतःची अक्कल नंतर चालवावी.

दुसरी चूक जास्त महाग. आयरासच्या तक्त्यात प्रत्येक पट्ट्याशेजारी दर्जाचा एक अंक असतो: ३ म्हणजे चांगलं, २ म्हणजे बरं, १ म्हणजे फक्त वरची मर्यादा. या वरच्या मर्यादा फ्लक्सच्या रकान्यात साध्या आकड्यासारख्याच बसलेल्या असतात. एक्सेलमध्ये घेतल्या की त्या मोजमापासारख्याच दिसतात, आणि ६० मायक्रॉनला काही न सापडलेला तारा थंड धुळीचा म्हणून मिरवतो. पहिल्या तीन अंकांत १ असलेली ओळ सरळ बाजूला काढावी.

तिसरी गोष्ट नावाची. आयरासच्या नावातले अंक ताऱ्याची आकाशातली जागा सांगतात, आणि ते १९५० च्या चौकटीतले आहेत. ते २००० चे समजून शोधखिडकीत टाकले तर पन्नास वर्षांच्या अयनचलनामुळे (पृथ्वीचा आस सावकाश फिरत राहतो त्यामुळे) शोध तब्बल ४० कलांपर्यंत (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) भरकटतो, पूर्ण चंद्राच्या व्यासाहून जास्त. दोन्ही सेवा २०००चे अंक हिशोब करून देतात. तोच रकाना निवडावा.

आता ज्याच्यामुळे दीड गुण कापला तो मुद्दा. विझिएरवर किंवा इर्सावर ‘अवरक्त’ म्हणून शोधणारा आज आपसूक ‘ऑलवाइज’च्या तक्त्याकडे जातो. डिसेंबर २००९ मध्ये गेलेल्या वाइज उपग्रहाचे हे आकडे. ७४ कोटींहून जास्त नोंदी, ३.४, ४.६, १२ आणि २२ मायक्रॉनचे चार पट्टे, पहिल्या तीन पट्ट्यांत सहा-साडेसहा आर्कसेकंदांची (आर्कसेकंद म्हणजे कलेचा साठावा भाग) बारकाई. मंद वस्तूंसाठी याला तोड नाही. पण अति उजेडानं पिक्सेल भरून ओसंडायला लागतात ते पहिल्या पट्ट्यात साधारण ८.१ प्रतीला, दुसऱ्यात ६.७, तिसऱ्यात ३.८ आणि चौथ्यात −०.४ प्रतीला. तिसऱ्या पट्ट्याची ३.८ प्रत म्हणजे जान्स्कीत मोजलं तर जेमतेम ०.९६. आणि आयरासच्या तक्त्याची खालची मर्यादा १२ मायक्रॉनला अर्ध्या जान्स्कीच्या आसपास आहे. म्हणजे आयरासनं या पट्ट्यात जे काही बरं म्हणून मोजलं, त्यातलं बरंचसं वाइजमध्ये भरून वाहिलेलं आहे. सीडब्ल्यू लिओनिस तर या मर्यादेच्या पन्नास हजार पटींजवळ. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

भरून वाहिलेल्या ताऱ्याचीही प्रत तक्त्यात असते, हे खरं दुखणं. ती ताऱ्याच्या कडेच्या न भरलेल्या पिक्सेलांवरून बसवलेली असते, आणि शेजारी चूक म्हणून छापलेला आकडा अनेकदा फसवा लहान असतो. त्यातही दुसरा पट्टा ठरावीक दिशेनं चुकतो: भरलेला तारा तिथे आहे त्यापेक्षा तेजस्वी मोजला जातो. परिणाम असा की पहिला वजा दुसरा हा रंग फुगतो आणि अजिबात धूळ नसलेला तेजस्वी तांबडा तारा गरम धुळीचा वाटतो. जवळच्या ताऱ्यांची यादी घेऊन वाइजच्या रंगांवरून ‘नवी कवचं’ शोधणाऱ्या महाविद्यालयीन प्रकल्पांत ही चूक सहज शिरते.

उपाय तक्त्यातच आहे, फक्त रकाने मागून घ्यावे लागतात. प्रत्येक पट्ट्यासाठी भरलेल्या पिक्सेलांचा हिस्सा सांगणारा ‘सॅट’चा रकाना असतो. तो चारही पट्ट्यांचा घ्या, आणि शून्यापेक्षा जास्त असेल तिथे तो पट्टा निदान पहिल्या फेरीत वापरू नका. ‘सीसी फ्लॅग्ज’ हा रकाना चार अक्षरी असतो. तिथे चारही शून्य हवीत. मोठं डी किंवा एच दिसलं तर ते शेजारच्या तेजस्वी ताऱ्याचे काटे किंवा तेजोवलय असू शकतं. चौथा पट्टा उशिरा भरतो, सुमारे १२ जान्स्कीला. त्यामुळे मध्यम कवचांसाठी तो एकटा वापरता येतो, फक्त बारकाई १२ आर्कसेकंदांची आहे हे लक्षात ठेवावं. वाइजचा खरा उपयोग दूरच्या ताऱ्यांसाठी: आकाशगंगेच्या पलीकडच्या टोकाचे किंवा मॅजेलनी मेघांतले, म्हणजे शेजारच्या दोन लहान दीर्घिकांतले. मोठा मेघ नाशिकहून क्षितिजाच्या जेमतेम एक अंश वर येतो, म्हणजे आयुष्यात दिसायचा नाही. तक्त्याला क्षितिज नसतं हा या सेवांचा मोठा फायदा.

तेजस्वी ताऱ्यांसाठी मधली वाट म्हणजे जपानचा आकारी उपग्रह, २००६ साली गेलेला. त्याचे ९ आणि १८ मायक्रॉनचे पट्टे विझिएरवर रोमन दोन/२९७ मध्ये, आणि ६५ ते १६० मायक्रॉनचे रोमन दोन/२९८ मध्ये आहेत. जागा काही आर्कसेकंदांत अचूक. दर्जाचा अंक ३ असेल तरच फ्लक्स घ्यावा. ९ मायक्रॉनचा पट्टा सिलिकेटच्या खुणेवरच बसलेला आहे हे मात्र विसरू नये. कवच अतिदाट झालं की ती खूण उजेडाऐवजी अंधार दाखवते, म्हणजे शोषणात जाते, आणि मग ९ वजा १८ हा रंग फक्त जाडी सांगत नाही, दोन्ही गोष्टींची खिचडी सांगतो.

जवळच्या अवरक्तासाठी टूमास ही जमिनीवरून केलेली पाहणी आहेच: १९९७ ते २००१, ॲरिझोना आणि चिलीतल्या १.३ मीटरच्या दोन दुर्बिणी, जे, एच आणि के हे पट्टे, ४७ कोटी बिंदू. इथेही चार-पाच प्रतींपेक्षा तेजस्वी तारे ५१ मिलिसेकंदांच्या सगळ्यात लहान चित्रातही भरतात. ‘आरडी फ्लॅग’मध्ये ३ दिसलं की समजावं, प्रत कडेवरून बसवलेली आहे आणि ०.२ ते ०.३ ची चूक गृहीत धरायची. पातळ कवचांना एवढ्यानं निकाल फिरतो. जे वजा के चार-पाच असलेल्या जाड कवचांना फारसा फरक पडत नाही. आकाशगंगेच्या पट्ट्यात मधल्या धुळीचीही लाली असते. दृश्य उजेडात दहा प्रतींचं शोषण असेल तर जे वजा के त्यानंच सुमारे १.७ नं वाढतं. त्यामुळे एकट्या जे वजा के वर धनु राशीतले तारे ‘धुळीचे’ ठरवू नयेत. १२ मायक्रॉनच्या पुढचा एक तरी रंग सोबत हवा.

जोडणी, म्हणजे वेगवेगळ्या तक्त्यांतला एकच तारा जुळवणं, हा भाग आळसानं केला तर आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. आयरासचे संवेदक मोठे होते, जागेची चूक एका दिशेनं अर्ध्या कलेपर्यंत जाऊ शकते. तेवढ्या वर्तुळात आकाशगंगेच्या पट्ट्यात टूमासचे डझनभर तारे सापडतात. सर्वांत जवळचा निवडला, तर तो बहुधा वाटेतला निळसर, निरपराध तारा निघतो. म्हणून पूल बांधावा. आधी आयरास ते आकारीचा १८ मायक्रॉनचा पट्टा किंवा वाइजचा चौथा, ३० आर्कसेकंदांत. त्यात सगळे जोड मागावेत आणि २२ मायक्रॉनला सगळ्यात तेजस्वी असेल तो ठेवावा. त्याचा फ्लक्स आयरासच्या २५ मायक्रॉनच्या दुपटी-निमपटीत बसतो का बघावं. मग त्या जागेवरून टूमास, फक्त ३ आर्कसेकंदांत. दोन टप्पे, पण चुकीचे जोड जवळजवळ संपतात.

यासाठी टॉपकॅट हा फुकट प्रोग्राम लागतो. जावावर चालतो, आठ जीबीचा लॅपटॉप पुरतो. विझिएरवर शोधताना आधी एक गोष्ट बदलायची: ओळींची मर्यादा. ती मुळात ५० वर ठेवलेली असते, आणि ‘माझ्या भागात नेमके पन्नासच तारे’ असा शोध लावणारे दरवर्षी निघतात. फाइल व्होटेबल प्रकारात उतरवावी, कारण त्यात एककं आणि रकान्यांची वर्णनं सोबत येतात; सीएसव्हीत ती गळतात आणि रिकाम्या जागांचा घोळ होतो. टॉपकॅटमध्ये जोडणीच्या खिडकीत मुळात ‘उत्तम जोड’ निवडलेला असतो, म्हणजे जवळचा. वरच्या पहिल्या टप्प्यासाठी तो ‘सगळे जोड’ करावा लागतो. रंगाचा नवा रकाना तिथेच सूत्र लिहून होतो. ‘लॉग१०’ लिहावं, ‘एलएन’ नव्हे. नैसर्गिक लॉग वापरला तर सगळे रंग २.३ पट ताणले जातात, आकार तोच राहतो, आणि म्हणून चूक चटकन लक्षात येत नाही. डाव्या खालच्या कोपऱ्याची तपासणी इथेही कामी येते.

दोन सेवांतली निवड मग अशी पडते. एका ताऱ्याची सगळ्या तक्त्यांतली मोजमापं एका आलेखात बघायची असतील तर विझिएरचं फोटोमेट्रीचं साधन फार सोयीचं. दोन मिनिटांत वर्णपटाचा आकार समोर येतो. पण त्यावर डोळे मिटून विश्वास नको, कारण ठरवलेल्या वर्तुळातले शेजारीही त्यात येतात. वर्तुळ पाच आर्कसेकंदांवरून सुरू करावं आणि आयरासचे बिंदू हातानं घालावेत. स्वतःची यादी चढवून जोड काढणं दोन्हीकडे जमतं; इर्सात यादीच्या मथळ्याची मांडणी काटेकोर लागते, रकान्याची उभी रेघ एक अक्षर सरकली तरी फाइल नाकारली जाऊ शकते. मात्र प्रतिमा आणि वेळेनुसारची मोजमापं हवी असतील तर इर्साला पर्याय नाही.

प्रतिमा बघणं कंटाळवाणं असलं तरी ६० आणि १०० मायक्रॉनसाठी टाळू नये. ताऱ्यांमधल्या ढगांची पातळ थंड धूळ, जिला तिच्या पिंजलेल्या रूपावरून ‘सिरस’ म्हणतात, या पट्ट्यांत ताऱ्याच्या नावावर जमा होते. मग विरळ कवचाचा साधा तारा सहाव्या विभागात, थंड धुळीवाल्यांत जाऊन बसतो. आयरासच्या तक्त्यात ‘सिर३’ हा रकाना आजूबाजूच्या ढगाचा उजेड देतो. तो आकडा ६० मायक्रॉनच्या फ्लक्सच्या दुपटीहून जास्त असेल तर त्या ताऱ्याचा दुसरा रंग सोडून द्यावा. हा नियम लावला की यादी आकाशगंगेच्या पट्ट्यात चांगलीच आटते, हे धरून चालावं.

राहिला काळाचा प्रश्न. हे तारे स्थिर नाहीत. मीराचा फेरा ३३२ दिवसांचा, सीडब्ल्यू लिओनिसचा ६३० च्या आसपास, आणि जाड कवचांच्या काही ताऱ्यांचा फेरा हजार दिवसही ओलांडतो. १९८३ चा १२ मायक्रॉन आणि १९९९ चा के एकत्र करून काढलेल्या रंगात एक प्रतीचा फरक नुसत्या चढ-उतारामुळे पडू शकतो. म्हणून नियम: रंग शक्यतो एकाच उपग्रहाच्या, एकाच वेळच्या मोजमापांतून. मिसळायचेच असतील तर आलेखावर त्यांना वेगळं चिन्ह द्यावं. आयरासमध्ये ‘व्हार’ नावाचा रकाना चल असण्याची शक्यता टक्क्यांत देतो. ९० च्या वर असेल तर तो एजीबी असण्याच्या बाजूनं चांगला पुरावा. कारण तेवढाच लाल रंग नवजात ताऱ्यांना आणि काही दीर्घिकांनाही असतो, पण ते असे नियमित श्वास घेत नाहीत. उलट पाचव्या विभागात, खूप लाल आणि ‘व्हार’ कमी, असा तारा सापडला तर त्याची गळती थांबून कवच सुटं झालेलं असू शकतं: ग्रहीय तेजोमेघाच्या वाटेवरचा.

इर्सात निओवाइजचे, म्हणजे पुन्हा जागवलेल्या वाइजचे, सुटे आकडे आहेत, डिसेंबर २०१३ ते जुलै २०२४, पहिल्या दोन पट्ट्यांत. प्रत्येक जागा दर सहा महिन्यांनी, एकेका खेपेला डझनभर वेळा टिपलेली. वर्षाच्या जवळपास फेरा असलेल्या ताऱ्यासाठी हे फार कामाचं नाही, दर वेळी तीच अवस्था पुन्हा पुन्हा दिसते. सहाशे दिवसांच्या वर मात्र वक्र छान उतरतो. उतरवताना एकेका खेपेचा मध्यक घ्यावा, सरासरी नको, कारण एक-दोन बिघडलेले बिंदू हमखास असतात. तारा भरून वाहत असेल तर प्रत चुकीची असली तरी फेऱ्याचा काळ बऱ्यापैकी टिकतो.

कवचाची जाडी आकड्यात हवी असेल तर पुढची पायरी म्हणजे ‘डस्टी’ हा फुकट प्रोग्राम. त्याला ताऱ्याचं तापमान, धुळीची जात, आतल्या कडेचं तापमान आणि प्रकाशीय जाडी द्यायची, तो वर्णपट काढून देतो. दोन-तीन रंगांवर चार-पाच आकडे बसवायचा मोह आवरावा. आतल्या कडेचं तापमान १००० केल्विन धरून फक्त जाडी बदलत राहणं पहिल्या फेरीला पुरेसं आहे.

पुढचं लक्ष ठेवण्यासारखं म्हणजे मार्च २०२५ मध्ये गेलेली स्फिअरएक्स दुर्बीण. ०.७५ ते ५ मायक्रॉन, १०२ रंग, सगळं आकाश, आणि आकडे इर्सावरच येतात. आतल्या गरम धुळीचा उजेड नेमका याच पट्ट्यात चढतो, त्यामुळे कार्बन आणि ऑक्सिजनवाले वेगळे करायला ती फार उपयोगी पडेल. पिक्सेल मात्र ६.२ आर्कसेकंदांचे आहेत, तेव्हा धनु राशीच्या गर्दीत शेजाऱ्यांची भेसळ होणारच. आणि जवळचे ठळक तारे घेण्याआधी पिक्सेल कुठल्या प्रतीला भरतात, ते पान आधी उघडावं.